तिसऱ्या मजल्यावरची पाचवी

आमच्या धंद्यात काम चांगलं झालं की काहीच घडत नाही. आम्ही इमारतींमध्ये आग विझवायची यंत्रणा बसवतो. टाकी, पंप, पाइप, छतातले स्प्रिंकलर, धोक्याचा हूटर. हे सगळं बसवायचं, तपासायचं, आणि मग ते कधीच वापरावं लागू नये म्हणत घरी जायचं. आमचे मालक नाना म्हणतात, "जगात आपलीच एक लाइन अशी आहे, की माल वापरावा लागला नाही तर गिऱ्हाईक खूश!"

माल पडून राहतो, पण किस्से साठत जातात. नेरूळच्या आमच्या ऑफिसात संध्याकाळी चहा आला की कोणीतरी एक काढतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो. नवीन शाळांची कामं यायला लागल्यापासून तर विचारूच नका. मॉलवाले बरे, सही करतात आणि विसरतात. शाळेत मात्र शिपायापासून पहिलीतल्या पोरापर्यंत प्रत्येकाला प्रश्न असतो. त्यातही खांदेश्वरच्या एका मराठी शाळेनं एकटीनं आम्हाला जेवढे किस्से दिलेत, तेवढे बाकीच्यांनी मिळून दिले नसतील. आज तिचेच सांगते.

*

ही शाळा कितीतरी वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. त्याच आवारात संस्थेनं नवी इमारत उभी केली, तळमजला आणि वर तीन मजले. संस्थेचे अध्यक्ष कळंबोलीच्या स्टील मार्केटमधले व्यापारी. माणूस दिलदार, बोलायला मोकळा, पण स्प्रिंकलर त्यांनी फक्त सिनेमात पाहिलेले. पहिल्या मीटिंगला मी ड्रॉइंग पसरलं तर म्हणाले, "मॅडम, हे एवढे शॉवर कशाला? एका पोरानं काडी ओढली की अख्खी शाळा आंघोळ करणार!"

मी समजावलं, की तसं नसतं. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची एक बारीक कुपी असते, आत लाल द्रव. खाली आग लागून ती कुपी चांगली तापली की फुटते आणि फक्त तिथलंच पाणी पडतं. बाकीचे सगळे कोरडे.

नाना म्हणाले, "साहेब, ज्याच्या खाली आग, तोच उघडणार. दुसरा हलणारसुद्धा नाही."

अध्यक्षांनी बराच वेळ ड्रॉइंग न्याहाळलं. मग एका चौकोनावर बोट ठेवलं.

"ही माझी केबिन ना? इथे एकच दिसतोय. दोन करा!"

*

आमचे फिटर जाधव साताऱ्याकडचे. हात सरळ, आवाज मोठा. फोनवर तर ते असे बोलतात की फोनची गरजच पडू नये. आमच्या भाषेत स्प्रिंकलरला नुसतं 'हेड' म्हणतात. शाळेच्या भाषेत 'हेड' म्हणजे काय, ते सांगायला नको.

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका घरत बाई. तिथल्याच जुन्या गावातल्या, आगरी. वर्गात भाषा एकदम पुस्तकातली, पण जीव वरखाली झाला की गावची बोली बाहेर पडते. तर एके दिवशी बाई काम बघायला दुसऱ्या मजल्यावर चढल्या आणि वरून जाधवांचा आवाज आला. ते मला फोन करत होते.

"म्याडम, हितलं हेड लई जुनं दिसतंय! वाकडं बी बसलंय! काडून टाकू का?"

मी इकडून म्हटलं, जुन्या स्टॉकमधलं आलं असेल, टाका.

"आन त्ये गळतंय बी थोडं! नवीन कवा पाठवताय?"

जाधवांनी फोन ठेवून मागे बघितलं तर बाई पदर खोचून उभ्या. जाधव शिडीवरच थिजले. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, माझ्या रिटायरमेंटला अजून चार वर्षं आहेत."

त्या दिवसापासून जाधव स्प्रिंकलरला 'फवारा' म्हणतात. सगळ्या साइटवर.

*

आता ज्यावरून पुढचं सगळं झालं, ते सांगते.

यंत्रणा बसली. अधिकारी येऊन बघून गेले, पंप चालवून झाला, हूटर वाजवून झाला, परवानगीचा कागद हातात आला. अध्यक्षांनी पेढे वाटले. वर्गांची वाटणी ठरली होती: खाली चिल्लीपिल्ली, मध्ये मोठी मुलं आणि प्रयोगशाळा, आणि तिसऱ्या मजल्यावर पाचवीच्या दोन्ही तुकड्या.

घरत बाईंनी पेढा घेतला, तो हातातच ठेवला आणि मला म्हणाल्या, "मॅडम, जरा वर चला." आम्ही दोघी तिसऱ्या मजल्यावर गेलो. रिकामे वर्ग, नव्या रंगाचा वास. बाईंनी जिन्यावरून खाली वाकून बघितलं.

"पाणी पडेल हो तुमचं," त्या म्हणाल्या. "ते मला पटलं. पण पाचवीची पोरं इथनं खाली कशी येतील?"

मी म्हटलं, जिने दोन आहेत, रुंद आहेत, नियमाप्रमाणे आहेत.

"जिने उतरत नाहीत, मॅडम. पोरं उतरतात."

आणि त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. मुलं न गोंधळता, झटपट खाली येतात हे स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय तिसऱ्या मजल्यावर वर्ग भरणार नाही. तोपर्यंत पाचवी पत्र्याच्या शेडमध्येच. अध्यक्ष हातातला पेढ्यांचा बॉक्स घेऊन बघत राहिले. नव्या इमारतीचा एक मजला कुलपात, आणि तोही आमच्या फायर ड्रिलच्या भरवशावर! नाना मला गाडीत म्हणाले, "बाई चुकतायत असं म्हणायला मला जागाच सापडत नाहीये."

*

पहिलं ड्रिल. पाचवीला त्या दिवसापुरतं वर नेऊन बसवलं. मी जिन्यात उभी. हूटर वाजला. मुलं एका दमात वर्गाबाहेर आली, मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणि वर्गाबाहेर येऊन सगळी खाली बसली.

नव्या टाइल्स खराब होऊ नयेत म्हणून शाळेत बूट वर्गाबाहेर काढायची पद्धत. पोरं शांतपणे आपापले बूट शोधून, मोजे चढवून, लेस बांधत होती. ज्याला लेस बांधता येत नव्हती त्याची शेजारीण बांधून देत होती. वर हूटर बोंबलतोय, आणि खाली ही शिस्त!

मी ओरडले, "अरे, चला ना!"

एक मुलगी मान वर करून म्हणाली, "मॅडम, लेस सुटी असेल तर जिन्यात पडू ना आम्ही!"

तिचंही बरोबरच होतं.

पुढच्या ड्रिलला नियम केला, बूट घालायचे नाहीत. मुलं अनवाणी निघाली, भराभर उतरली, बाईंचा चेहरा फुलला. सगळी आवारात पोचली. वेळ दुपारची. आवारात पेव्हर ब्लॉक, नुसते तापलेले. दोन क्षण पोरं एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचली आणि मग सगळीच्या सगळी परत इमारतीत पळाली.

जाधव माझ्या शेजारी उभे होते. म्हणाले, "म्याडम, आगीतनं फुफाट्यात म्हंत्यात त्ये ह्येच काय?"

*

मध्ये गॅदरिंग आलं. मी सहज म्हणून शाळेत डोकावले तर तळमजल्यावरच्या एका वर्गात पाऊल टाकल्या टाकल्या माझा जीव उडाला. आमच्या लाइनीतली माणसं कुठेही गेली तरी आधी छताकडे बघतात. बघते तर प्रत्येक स्प्रिंकलरला दोरा बांधून कागदी ढग लोंबकळत होते. एकाला चांदोमामा. त्या काचेच्या कुपीला धक्का लागून ती फुटली असती तर आगीशिवायच ढग बरसले असते.

चित्रकलेच्या बाई एकदम खुशीत होत्या. "मॅडम, तुम्हाला थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. आधीच्या शाळेत आम्हाला सजावटीला एक खिळा मिळायचा नाही. तुम्ही किती विचार करून प्रत्येक वर्गात हुक दिलेत!"

*

तिसऱ्या ड्रिलला पालकांना बोलावलं होतं. अध्यक्षांचीच आयडिया. पालकांनी बघितलं, टाळ्या वाजवल्या, की बाईंना नाही म्हणता येणार नाही. आधी आम्ही पाण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. जाधवांनी होज धरला, पंप सुरू झाला, पाण्याची जाड धार उडाली आणि पोरांनी एकच गिल्ला केला.

"मासा! मासा!"

डासांच्या अळ्या खायला टाकीत कोणीतरी गप्पी मासे सोडून गेलं होतं. आम्हाला पत्ता नाही! दोन मासे पंपातून, पाइपातून, होजमधून थेट आवारात. त्यातला एक तर जिवंत. जाधवांनी होज टाकला आणि ओंजळीत मासा घेऊन बादली शोधत धावले. पालकांची हसून पुरेवाट.

अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, हे काय? माझी इज्जत गेली ना!"

मागून घरत बाई म्हणाल्या, "एवढंसं काय पाठवता? पाठवायचा तर खाडीतला मोठा जिताडा पाठवायचा!"

मग ड्रिल. मी तिसऱ्या मजल्यावर थांबले. हूटर वाजला. बूट नाहीत, गडबड नाही, आवाज नाही. आवाज नाही म्हणून मी वर्गात डोकावले. मुलं उंचीप्रमाणे रांगेत उभी होती. सगळ्यांच्या तोंडावर बोट. आणि त्यांच्या बाई हजेरी घेत होत्या. एकेक नाव. "हजर बाई." पुढचं नाव. "हजर बाई."

मी म्हटलं, "बाई, आग लागलीय!"

त्या म्हणाल्या, "हो, पण कोण राहिलं ते कळायला नको?"

तेवढ्यात बाथरूमला गेलेली एक मुलगी परत आली. डोक्यावर हूटर कान फाडतोय, समोर अख्खा वर्ग बाहेर पडायला उभा. ती दारात थांबली, हात पुढे केला आणि म्हणाली, "बाई, आत येऊ का?"

खाली आल्यावर मी हे सांगितलं तेव्हा सगळे हसले. घरत बाईही हसल्या. मग हसता हसता थांबल्या. म्हणाल्या, "आम्हीच शिकवलंय हो त्यांना. रांगेत उभं राहा, बोलू नका, विचारल्याशिवाय हलू नका. पोरं गुणी आहेत, तेच तर टेन्शन आहे."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, पण सिस्टिम तर पास आहे."

"तुमची सिस्टिम पास आहे," बाई म्हणाल्या. "माजी पोरां नापास हायेत."

*

पुढच्याला किस्सा नाही म्हटलं तरी चालेल. पण तो सांगितल्याशिवाय शेवटचा कळणार नाही.

मार्च संपत आला. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी बसवेना. पंख्याखाली गरमच हवा. पाचवीतल्या एका मुलीला प्रार्थनेनंतर चक्कर आली. तिला ऑफिसात आणून पाणी पाजलं, मान ओली केली. मी त्या दिवशी पंपाच्या देखभालीसाठी गेले होते. अध्यक्षही आले. नेहमीसारखे तावातावानं बोलले नाहीत. बाईंसमोर खुर्ची ओढून बसले.

"बाई, आग लागायची तेव्हा लागेल. ही पोरं आजच भाजतायत. समोर थंड मजला रिकामा आहे. पालकांना मी काय तोंड दाखवू?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, तुमचा मुलगा पाचवीत असता तर तुम्ही वर बसवला असता?"

पंप चांगला होता, पाइप चांगले होते, कुप्या एकेक करून मी स्वतः बघितल्या होत्या. मी म्हटलं, "हो बाई. बसवला असता."

"नक्की?"

"नक्की."

दुसऱ्या दिवशी पाचवी वर गेली. पोरं खिडक्यांतून हात हलवत होती म्हणे, इतकी खूश. मला मात्र तेव्हापासून एक खोड लागली. कळंबोलीला आमचं गोडाऊन आहे. तिकडे जाताना गाडी मुद्दाम वळवून त्या शाळेवरून न्यायची, तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या बघायच्या, आणि मग पुढे जायचं. भीती वाटायची, सरळ सांगते. कागदावर सगळं बरोबर असूनही वाटायची. ड्रिल चालूच होती. मुलं थोडी सुधारली होती. हजेरी आता खाली मैदानात घ्यायची ठरलं होतं. रांग मात्र काही केल्या सुटत नव्हती.

*

आता शेवटचा. हा ऑफिसात मी सांगायला लागले की नाना चहा खाली ठेवतात.

परीक्षेच्या आधीचे दिवस. मी गोडाऊनमध्ये माल उतरवून घेत होते. शाळेतून फोन आला, "मॅडम, या. खरी लागलीय."

पुढचं मला तिथल्या बायांकडून कळलं ते असं. दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूला सामानाची खोली. तिथे जुने पडदे, नाटकातले कपडे, रद्दी. कोणीतरी एक्स्टेन्शन बोर्ड लावून ठेवलेला. तो पेटला, पडद्यांनी पेट घेतला. खोलीतला एक स्प्रिंकलर उघडला, एकच. पाणी पडायला लागलं, हूटर वाजला. तोपर्यंत मेन स्विच पडून शाळेची लाइट गेली होती. हूटरला बॅटरी असते, तो वाजत राहिला. पंपाची लाइन वेगळी, पाणीही पडत राहिलं. आमची सिस्टिम अगदी जशी चालायला हवी तशी चालली.

तिसऱ्या मजल्यावर पाचवीला वाटलं, ड्रिल. मुलं उठली. लहान पुढे, मोठी मागे, तोंडावर बोट. त्यांच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, रांग सरळ करा.

घरत बाई खाली आवारात होत्या, मागच्या बाजूला. त्यांनी दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून काळा धूर बाहेर पडताना बघितला. मग वर बघितलं. पाचवीची खिडकी. तिथे कोणी धावत नव्हतं.

बाई जिन्याकडे धावल्या. दोन पायऱ्या चढल्या. आणि तिथून उलट फिरल्या. खेळाच्या शिक्षकांना ओरडून पुढच्या जिन्यात उभं केलं, आणि स्वतः पत्र्याच्या शेडकडे पळाल्या. शेडच्या दाराशी जुन्या दिवसांतला टोल आहे, रुळाचा एक तुकडा टांगलेला. लाइट गेली की शिपाई अजून त्यावरच तासाचे टोल देतो. बाईंनी तिथला लोखंडी दांडा उचलला आणि टोल बडवायला सुरुवात केली. एक नाही, दोन नाही. न थांबता, घणघण घणघण, शाळा सुटते तेव्हा देतात तसा.

पाचवीच्या बाई सांगत होत्या, "मी पाठमोरी होते. मागून कोणीतरी 'सुटली!' असं ओरडलं. वळून बघते तर वर्ग रिकामा!"

रांग नाही, तोंडावर बोट नाही, विचारणं नाही. कुणाचे बूट पायात, कुणाचे हातात. आम्ही ड्रिलमध्ये घसा फोडून सांगतो, दप्तर घेऊ नका, धावू नका. सगळं मोडलं. रोज शाळा सुटल्यावर ज्या पुढच्या जिन्यानं उतरतात, त्याच जिन्यानं पाचवी खाली आली. तिच्या पाठोपाठ, तिच्या आधी, तिच्यासोबत सगळी शाळा. जिन्यात एक पोरगा गुडघ्यावर आपटला, तेवढंच. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये बसत नाही आणि मी कुठल्या शाळेला असं करा म्हणून सांगणारही नाही.

मी पोचले तेव्हा घरत बाई पुढच्या मैदानात पाचवीची हजेरी घेत होत्या. शेजारच्या बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "ही तिसऱ्यांदा घेतायत." बाईंचा आवाज फाटला होता, दांड्यानं तळहात सोलले होते. एकेक नाव. "हजर बाई." शेवटच्या मुलीचं नाव आलं. ती म्हणाली, "बाई, हजर, हजर, हजर! आता खेळू?"

"खेला," बाई म्हणाल्या. मग त्या मैदानात तशाच मातीत बसल्या. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी माझा हात धरला आणि आम्ही दोघी रडलो.

अग्निशमनची लाल गाडी आत आली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. एका ड्रिलला आम्ही ती आणली होती. जवान मागच्या बाजूनं वर गेले, आग विझलेलीच होती. त्यांनी पाणी बंद केलं, धूर बाहेर काढला. पोरांना न्यायच्या व्हॅन आणि पालक यायला अवकाश होता. मैदानात कबड्डी रंगली होती, लंगडी रंगली होती. नको त्या वेळी सुट्टी मिळाल्याचा आनंद मावत नव्हता.

अध्यक्ष कळंबोलीहून धापा टाकत आले. शर्ट भिजलेला, हातात दोन फोन, दोन्ही वाजतायत. आधी इमारतीकडे बघितलं, मग मैदानाकडे, मग मातीत बसलेल्या आम्हा दोघींकडे.

"बाई, सगळी आहेत?"

"सगळी आहेत."

तेही तिथेच मातीत बसले. दोन्ही फोन गप्प केले आणि म्हणाले, "पालकांचे फोनवर फोन येतायत. काय झालं, कसं झालं, पोरं घाबरली का. मला नीट सांगा. आग लागलीय हे पोरांना कळलं कधी?"

घरत बाईंनी मैदानाकडे बघितलं. पाचवीतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसत होती.

"अजून नाही कळलं," बाई म्हणाल्या.